नुसता नंबर जिवंत ठेवायला वर्षाला किती मोजायचे?

तिरफळ
९ डिसेंबर २०२५, रात्री १०.४०

आई राजापूर तालुक्यात गावी असते. फोन बटणांचा. स्वतःहून ती क्वचितच कुणाला फोन लावते. लावलाच तर मिस्ड कॉल द्यायचा आणि आम्ही उलट करायचा, ही आमच्या घरातली जुनी शिस्त. इंटरनेट नाही, व्हॉट्सॲप नाही. त्या फोनवर येतं काय, तर आम्हा भावंडांचे फोन, बँकेचे मेसेज, सिलिंडर दारात आला की पोऱ्याला सांगायचा कोड, आणि अधूनमधून कसला तरी ओटीपी.

एवढ्यासाठी दर २८ दिवसांनी १९९ रुपये. रिचार्जच्या हिशोबाने वर्षात महिने तेरा, म्हणजे २,५८७ रुपये. वैधता संपत आली की तिने कुणालाही फोन लावला तरी आधी एक बाई हिंदीत बोलायला लागते. आई ते ऐकून फोन ठेवून देते. तिची समजूत अशी की पलीकडे कुणीतरी भलतंच उचललं. फोनच्या मागे तिने चिकटपट्टीखाली रिचार्जची तारीख लिहून ठेवली आहे. ती दर वेळी मागे सरकते, म्हणून आधीच्या तारखा खोडलेल्या.

डेटा नसलेले प्लॅन या वर्षी आले ते माहीत आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला, जानेवारीत प्लॅन आले. पण त्यांतला सगळ्यांत लहान ८४ दिवसांचा, साडेचारशे ते पावणेपाचशेच्या घरात. त्यातही अमर्याद जाणारे कॉल आहेतच, जे तिला नको आहेत.

माझं म्हणणं असं: फक्त येणारे कॉल आणि येणारे एसएमएस, बाहेर लावायला आणीबाणीचा ११२ तेवढा चालू, असा एक प्लॅन वर्षाला तीनशे रुपयांच्या आत प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असा नियम हवा. फुकट मागत नाही. पण आधार, बँक, गॅस, पेन्शन, सगळ्याची किल्ली सरकारने त्या एका नंबरात ठेवली आणि त्या किल्लीचं भाडं मात्र बाजारावर सोडलं, हे पटत नाही. तुम्ही तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनचं काय करता?

सदाशिव_उणे_एक
१० डिसेंबर, सकाळी ७.१०

दोनशे रुपयांत पुण्यात दोन मिसळी येतात, जादा पाव वेगळा. आई हाक मारली की सापडते याचे महिन्याला दोनशे जास्त वाटतात?

१९९५ साली मोबाइल आला तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. तिथून आज अमर्याद बोलणं दिवसाला सात रुपयांवर आलं ते सरकारने दर ठरवायचं सोडलं म्हणून. पुन्हा सरकारला दर ठरवायला बसवलंत की काय होतं ते लँडलाइनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या पिढीला विचारा. त्यात मीही होतो.

गोदाकाठ
१० डिसेंबर, सकाळी ८.०२

सदाशिवराव, तुमच्याच सात रुपयांचा हिशोब पुढे करू.

२८ दिवसांचा १९९, म्हणजे दिवसाला ७ रुपये ११ पैसे. त्यात थोडा डेटाही आहे हे मान्य. पण ज्याला डेटा नकोच आणि एकरकमी भरायची ऐपत आहे, त्याला त्याच कंपनीचा वर्षाचा विनाडेटा प्लॅन १,८४९ ला मिळतो, दिवसाला ५ रुपये ७ पैसे. फरक वर्षाला ७३८ रुपयांचा. आता सांगा, एकदम १,८४९ कोण काढून देणार? तिरफळ देऊ शकतील. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी नाही देऊ शकत. त्या १९९ वाल्याच राहणार. तेव्हा हे माझं नेहमीचं दुखणं आहे: ज्याच्या हातात कमी पैसा त्यालाच माल महाग.

आणि ते विनाडेटा प्लॅन आले कसे तेही बघा. आधी त्याच कंपनीत ५०९ ला ८४ दिवस आणि ६ जीबी मिळत होतं. नियम आल्यावर त्यातला डेटा काढला आणि किंमत ठेवली ४९९. दहा रुपये सोडले! ट्रायने आम्ही हे प्लॅन तपासणार म्हटल्यावर ते ४६९ झाले, आणि वर्षाचा १,९५९ वरून १,८४९ वर आला. दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही ४५८ चे ४४८ केले, ३६५ दिवसांचा १,९५८ चा काढून ३३६ दिवसांचा १,७४८ ला आणला. नुसतं तपासतो म्हटल्यावर एवढं उतरतं, तर सरकारने बघायचंच नाही हा आग्रह कशाला?

वाटाण्याची_उसळ
१० डिसेंबर, सकाळी ९.१५

+१ गोदाकाठ.

बाय द वे, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की २० रुपये बॅलन्स ठेवला की सिम चार महिने चालतं, ट्रायचा नियम आहे. खरं का? खरं असेल तर तिरफळ यांचा प्रश्नच मिटला.

टॉवरखाली
१० डिसेंबर, दुपारी १२.३०

उमेदीची सगळी वर्षं याच धंद्यात गेली, आता निवृत्त आहे. कंपनीचं नाव विचारू नका.

आधी वीस रुपयांचं. नियम खरा आहे, २०१३ चा आहे. ९० दिवस सिमवर काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. पण प्रीपेड खात्यात वीस किंवा जास्त रुपये असतील तर ते कापून मुदत वाढवायची. मेसेज फिरवणारे यातली अर्धीच गोष्ट सांगतात. नंबर तुमच्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर कॉल, मेसेज येणं वेगळं. प्लॅनची वैधता संपली की काही दिवसांनी येणारे कॉलही थांबतात. नंबर तुमचाच, पण मुका आणि बहिरा. ओटीपीच्या कामाला तो नाही.

आता मूळ मुद्दा. कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

नुसते येणारे कॉल घेणारं गिऱ्हाईक एके काळी कंपनीला हवंहवंसं होतं. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले, फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे असं ठरलं. पण ते सगळे पैसे करणाऱ्याच्या कंपनीकडे राहत नसत. कॉल ज्या कंपनीच्या जाळ्यात जाऊन संपतो, तिला मिनिटामागे ठरावीक वाटा द्यावा लागे. एप्रिल २००९ पासून तो वाटा २० पैसे होता. २०१५ मध्ये १४ झाला, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य.

म्हणजे २०१० साली तिरफळ यांनी दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून आईशी अर्धा तास गप्पा मारल्या की आईंच्या कंपनीला बसल्या जागी सहा रुपये मिळत. आईंनी एक पैशाचा रिचार्ज केला नसला तरी. 'लाइफटाइम' सिमं विकली जात होती ती याच हिशोबावर. गावोगावची मिस्ड कॉल देणारी मंडळी कंपन्यांना जड नव्हती, उलट ती कमाई होती.

हा वाटा सहा पैशांवर आला आणि वर्षभरातच, २०१८ च्या अखेरीस, किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा झाला. नाही केला तर आधी जाणारे कॉल बंद, मग येणारे. लाइफटाइमवाल्यांनी तेव्हा बरीच ओरड केली, ट्रायनेही कंपन्यांना लिहिलं. पुढचा जिना सगळ्यांनी पाहिला आहे: ३५, ४९, ७९, ९९, मग दीडशेच्या पुढे, आणि जुलै २०२४ च्या वाढीनंतर १८९ आणि १९९.

वाटा शून्य करण्यामागे कारण होतं आणि ते वाईट नव्हतं. नव्या तंत्रात कॉल म्हणजे डेटाचाच एक चिमटा, मिनिटं मोजण्यात अर्थ उरला नव्हता, आणि त्यामुळे सगळ्यांचं बोलणं स्वस्त झालं. पण हिशोब बदलला तेव्हा फक्त ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय होणार, याचा विचार धोरणात कुठे दिसला नाही. ते एका रात्रीत कमाईचं खर्चाचं झालं. कंपनीने तो खर्च त्याच्याच गळ्यात घातला, धंदा म्हणून तिने दुसरं काय करायचं?

खर्च किती, असं पुढे कुणी विचारेलच. खिशात गप्प पडलेला फोनसुद्धा जाळ्याला हजेरी देत असतो, नंबर नोंदीत ठेवावा लागतो, कॉल आला की शोधावा लागतो. खर्च आहे. पण माझ्या मते तो महिन्याला दोनशेच्या आसपासही फिरकत नाही.

गोदाकाठ
१० डिसेंबर, दुपारी १.०५

टॉवरखाली, प्रतिसादाची वाचनखूण साठवली. त्या वाट्याचा धागा वीस पैशांपासून इथपर्यंत कुणी जोडून सांगितला नव्हता.

सदाशिव_उणे_एक
१० डिसेंबर, दुपारी १.४०

माहितीपूर्ण. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. वाटा किती ते ट्राय ठरवत होतं, म्हणजे सरकारी आकडाच होता. तो बदलला म्हणून घोळ झाला. आता त्यावर आणखी एक सरकारी आकडा लावून घोळ निस्तरायचा?

डाळिंब
१० डिसेंबर, रात्री ९.२०

आमचं आटपाडीकडं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, फॉर्म भरणं, सगळं एकाच काउंटरवर. तुम्ही लोक प्लॅनवर बोलताय ते वाचून मजा वाटली. आमच्याकडं प्लॅन कुणी विचारतच नाही. "दादा, दहाचं टाका" असं म्हणणारी माणसं अजून येतात. दहाच्या रिचार्जला ७ रुपये ४७ पैसे टॉकटाइम मिळतो आणि वैधता वाढत नाही. हे मी रोज सांगतो. म्हातारी माणसं ऐकून घेतात, बंडीतून पन्नासची नोट काढतात, म्हणतात मग पन्नासचं टाक. पन्नासनंही वैधता वाढत नाही, हे त्यांना सांगताना आपल्यालाच चोरट्यासारखं वाटतं.

आता खरं दुखणं सांगतो. सप्टेंबरपासून लाडक्या बहिणींचं ई-केवायसी चाललंय. बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा ओटीपी. आमच्या पट्ट्यातली निम्मी पुरुष माणसं गलाईवर, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत. ओटीपी जातो तिकडं. बाई इथं काउंटरला फोन धरून उभी, नवरा तिकडं भट्टीवर. ओटीपीची मुदत दहा मिनिटं. उचलला तर बरा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

हे तरी परवडलं. आधारला जोडलेला नंबरच ज्यांचा बंद पडला त्यांचं काय? मागं कधी आधार काढताना कॅम्पवाल्यानं नंबर विचारला, घरात फोन एकच, तो भाच्याचा. तोच टाकला. पुढं भाच्यानं रिचार्ज सोडला, नंबर गेला. एका मावशींच्या आधारला जोडलेला नंबर आम्ही लावून बघितला तर पलीकडं भलताच माणूस, हिंदी बोलणारा. भला होता. म्हणाला, मला तुमच्या बँकेचे मेसेज येतात, मी पुसून टाकतो. भला होता म्हणून ठीक.

आधारला नंबर बदलायला ऑक्टोबरपासून ७५ रुपये लागतात. वर तालुक्याला जायचं, रांगेत थांबायचं, रोजगार बुडवायचा. पोस्टमनकडूनही होतं, आम्ही सांगतो लोकांना. पण मुदत ३१ डिसेंबर आहे, गर्दी बघून कुणाचा धीर टिकत नाही.

तवा दोनशे रुपयं परवडतात का नाही ह्यो प्रश्नच न्हाई. ज्याचं एका महिन्याचं चुकलं त्याचं पुढं किती बुडतं, त्यो प्रश्न हाय.

तिरफळ
१० डिसेंबर, रात्री १०.१५

डाळिंब, मला हेच म्हणायचं होतं, फक्त माझ्या डोळ्यांसमोर एकटी आई होती.

सदाशिवराव, "बाजार" म्हणताना एक बघा. मिसळ महाग वाटली तर मी घरी पोहे करून खातो. ओटीपी घरी करता येत नाही. एखादी गोष्ट घेतल्याशिवाय सरकार मला माझेच पैसे देत नसेल, तर तिच्या किमतीची जबाबदारी सरकारवर थोडी तरी येतेच. या ऑगस्टमध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने २४९ चे प्लॅन बंद केले, आता २८ दिवस रोजच्या डेटाचा हिशोब २९९ पासून सुरू. ट्रायने विचारणा केली, पुढे काही नाही, कारण ट्रायच्याच धोरणाने दर कंपन्यांच्या मर्जीवर आहेत. तीन खाजगी कंपन्या उरल्या, त्यांतल्या एकीत सरकारचाच जवळपास ४९ टक्के वाटा, चौथी पूर्ण सरकारी. याला बाजार म्हणायला माझी जीभ जरा अडते.

शेफालीची_फुलं
११ डिसेंबर, पहाटे ३.५०

इथे इंग्लंडमध्ये रात्र आहे अजून, म्हणून आत्ता लिहिते.

माझं इथलं दुसरं सिम पे ॲज यू गो प्रकारातलं आहे. सहा महिन्यांत एकदा कुणाला तरी फोन किंवा मेसेज केला की नंबर चालू राहतो. पूर्वी भरलेले पौंड अजून तसेच पडलेत. येणारे कॉल, मेसेज व्यवस्थित येतात. म्हणजे तिरफळ मागतात तसलं सिम जगात कुठेच नाही असं नाही.

भारतातला नंबर मात्र मी डोळ्यांत तेल घालून सांभाळते, कारण बँक. एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यावर परदेशी नंबरने यूपीआय चालू करायची सोय २०२३ पासून आहे, इंग्लंड त्या देशांच्या यादीत आहे. पण बँकेत शिरायचा ओटीपी अजून भारतातल्याच नंबरवर. परदेशात येणारा एसएमएस फुकट असतो हे नशीब.

आता नवीन भीती म्हणजे २८ नोव्हेंबरचा दूरसंचार विभागाचा आदेश. व्हॉट्सॲपसारखी ॲप ज्या सिमवर उघडली ते सिम फोनमध्ये असेल तरच चालणार, आणि संगणकावर दर सहा तासांनी बाहेर काढणार. कंपन्यांना ९० दिवस दिलेत. माझ्या वडिलांचं सिम बटणांच्या फोनात आणि व्हॉट्सॲप टॅबवर वायफायने. नातवंडांचे फोटो बघायचं तेवढंच साधन. ते कसं चालणार?

रानभैरी
११ डिसेंबर, सकाळी ८.३०

त्या आदेशाच्याच जोडीला दुसरा होता, प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच घालायचं आणि ते काढता येणार नाही असं ठेवायचं. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. आज संचार साथी, उद्या आणखी काही. फोन मी माझ्या पैशांनी घेतला, त्यात काय असावं ते मी ठरवणार.

वाटाण्याची_उसळ
११ डिसेंबर, सकाळी ८.५५

असहमत. संचार साथी कामाची चीज आहे. चोरीचा फोन ब्लॉक करता येतो, आपल्या नावावर किती सिमं आहेत ते कळतं. माझ्या नावावर मी कधीच न घेतलेला एक नंबर निघाला होता, तिथूनच बंद केला. ज्यांनी कधी उघडून पाहिलं नाही तेच जास्त ओरडतात.

रानभैरी
११ डिसेंबर, सकाळी ९.१०

कामाची चीज असेल तर लोक स्वतः घेतील. सक्ती कशाला? आणि वेबसाइट आहेच की २०२३ पासून.

गोदाकाठ
११ डिसेंबर, सकाळी ९.४०

मंडळी, धागा भलतीकडे नेऊ नका. त्यावर वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येते. शेफालीचा प्रश्न मात्र इथलाच आहे. सिमला जितकी जास्त कुलपं लावाल तितकं ते सिम जिवंत ठेवणं महत्त्वाचं होणार. फसवणूक थांबावी म्हणून हे चाललंय हे कबूल, डिजिटल अरेस्टच्या नावाखाली लोकांच्या आयुष्याच्या पुंज्या गेल्या आहेत. पण त्याचा भार शेफालीच्या वडिलांवर पडणार.

निम्मी_नगरची
११ डिसेंबर, दुपारी ३.२०

इतका वेळ वाचत होते. मला वाटतं तिरफळ चुकीच्या दारावर थाप मारतायत.

रिचार्ज स्वस्त करा ही मागणी म्हणजे ओटीपी हीच एकमेव वाट हे मान्य करणं. का करायचं? निवृत्तांच्या हयातीच्या दाखल्याला चेहऱ्याची ओळख चालते. रेशनच्या दुकानात अंगठा चालतो. मग पैसे देणाऱ्या प्रत्येक योजनेला अंगठा किंवा चेहरा किंवा सरळ ग्रामसेवकाचा कागद, असा एक बिनमोबाइलचा रस्ता कायम उघडा ठेवा, अशी मागणी करा. नंबर हरवला म्हणून हक्क हरवला, हे मुळातच होता कामा नये. कंपन्यांशी भांडत बसलात तर पुढची वीस वर्षं भांडाल.

माझ्या सासूबाईंचे अंगठे उमटत नाहीत, आयुष्यभर खुरपं धरलं. त्यांच्यासाठी कागदच. कागदाला आपण उगाच मागास ठरवलंय.

तिरफळ
११ डिसेंबर, सायंकाळी ६.०५

निम्मी, मुद्दा पटला, पण दोन्ही दारांवर थाप मारू. बिनमोबाइलचा रस्ता सरकारी योजनांना होईल. बँक आणि गॅस एजन्सी त्या रस्त्याने येणार नाहीत. आणि शेवटी आईला फोनही यायला हवा ना, ओटीपी राहू दे बाजूला.

टॉवरखाली
११ डिसेंबर, रात्री ८.१५

पैशांची सोय कुठून, यावर सदाशिवरावांना पटेल असं काही सांगतो.

१९९ च्या रिचार्जमध्ये १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे साधारण ३० रुपये. उरलेल्या महसुलावर कंपनी सरकारला परवाना शुल्क भरते, ८ टक्के. त्यातले ५ टक्के एका निधीत जातात. पूर्वी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणत, २०२३ च्या कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. ज्यांच्यापर्यंत बाजार पोचत नाही त्यांच्यापर्यंत सेवा पोचावी, याच कामासाठी तो आहे. आजवर तो मुख्यतः मनोरे आणि तारा यांवर खर्च झाला. दुर्गम गावात मनोरा उभा करायला निधी चालतो, मग मनोऱ्याखालच्या म्हातारीचा नंबर चालू ठेवायला का चालू नये? कंपनीवर सक्ती नको, दर ठरवायलाही नको. प्रत्येक नंबरामागे वर्षाला ठरावीक रक्कम निधीतून द्या, वरचे थोडे गिऱ्हाईक देईल.

अमेरिकेत गरिबांच्या फोनबिलाला हातभार लावणारी लाइफलाइन नावाची योजना १९८५ पासून चालू आहे, महिन्याला सव्वानऊ डॉलरची सूट. कम्युनिस्ट देश नव्हे तो.

सदाशिव_उणे_एक
११ डिसेंबर, रात्री ८.५०

निधीतून द्यायचं असेल तर माझी हरकत नाही. पैसा आमचाच आहे, निदान पावती कुणाच्या नावाने फाटते ते तरी दिसेल. कंपनीला आतून दाबून बाहेर स्वस्ताई दाखवली की ती दुसरीकडून वसूल करते, आणि दुसरीकडे मी असतो.

पण मग त्या तीस रुपयांच्या जीएसटीबद्दल कुणीच कसं बोलत नाही? सप्टेंबरमध्ये मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ वर आणले. म्हातारीचा रिचार्जही १८ वरच. एसी आणि बटणांचा फोन एका पंक्तीला! आधी ते उतरवा, मग निधी-बिधी बघू.

वाटाण्याची_उसळ
११ डिसेंबर, रात्री ९.००

सदाशिवराव सहमत झाले, तारीख लिहून ठेवा. (हलके घ्या.)

शेफालीची_फुलं
११ डिसेंबर, रात्री ११.३०

मागणी करायची तर कुणाकडे? इथून ईमेल करायला मी तयार आहे.

गोदाकाठ
१२ डिसेंबर, सकाळी ७.४५

ट्राय एखादा विषय घेतं तेव्हा आधी सल्लामसलतीचा मसुदा काढतं. त्यावर कुणीही लिहू शकतं, मग उलट मतं मागवतात, मग खुली चर्चा. विनाडेटा प्लॅनचं तसंच झालं: जुलै २०२४ मध्ये मसुदा, डिसेंबरमध्ये नियम. बटणांचे फोन वापरणारे सुमारे १५ कोटी लोक आहेत, हा तेव्हाच्या चर्चेतला मोठा आधार होता. एकट्यादुकट्याने लिहिण्यापेक्षा मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनेकडून गेलं तर वजन पडतं. मराठीत मसुदा मी करते, आकडे टॉवरखाली यांनी तपासावेत.

टॉवरखाली
१२ डिसेंबर, सकाळी १०.२०

तपासतो. पण कंपन्या काय उत्तर देतील ते आत्ताच लक्षात घ्या, आणि ते उत्तर लटकं नसेल. वर्षाला तीनशेत फक्त ओटीपी घेणारं सिम, हे भामट्यांना हवं तसं हत्यार आहे. फसवणुकीचा पैसा फिरवायच्या भाड्याच्या बँक खात्यांना जोडायला असली सिमं ढिगाने लागतात. आज महिन्याला दोनशे मोजावे लागतात म्हणून थोडा तरी चाप आहे. एका माणसाला नऊ सिमं घेता येतात. नऊच्या नऊ अशी घेतली तर?

म्हणून मसुद्यात अट घाला: माणशी एकच, तोच नंबर आधारला जोडलेला हवा, आणि निदान दोन-तीन वर्षं त्याच्याच नावावर असलेला. नवं सिम या प्लॅनवर द्यायचंच नाही.

तिरफळ
१२ डिसेंबर, सकाळी ११.००

अट मान्य. आईचा नंबर तिच्याच नावावर आहे, आधारलाही तोच.

डाळिंब
१२ डिसेंबर, दुपारी २.१०

तुमच्या आईंचा असंल. आमच्याकडं निम्म्या बायकांचं सिम नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नावावर, आणि आधारला तिसराच नंबर. ही अट घातली तर ज्यांच्यासाठी एवढं लिहिताय त्यातल्या निम्म्या पहिल्याच दिवशी बाहेर. मसुद्यात हे पण टाका: आधी सहा महिने गावात येऊन सिम बाईच्या नावावर करून द्या आणि आधारचा नंबर फुकटात बदला, ७५ रुपये न घेता. मग लावा काय अट लावायची ती.